जुन्या वेब्ली रिव्हॉल्व्हरला नवं ब्लूइंग: करावं का, आणि करायचं तर कारागिराकडून काय काय बघून घ्यावं

प्रश्न थोडक्यात असा: वेब्ली अँड स्कॉटचं मार्क 4, .32 बोअरचं रिव्हॉल्व्हर आजोबांकडून नातवाच्या परवान्यावर आलं आहे. नळीच्या तोंडाशी आणि सिलिंडरच्या कडांवर निळा रंग उडाला आहे, एका बाजूला चामड्याच्या म्यानाखाली गंजाचे बारीक खड्डे पडले आहेत. यांत्रिक भाग ठीक वाटतो. व्यावसायिक कारागिराकडून पुन्हा ब्लूइंग करून घ्यावं का, त्यात नेमकं काय करतात आणि काय बिघडू शकतं?

बहुतेकांचा समज असतो की ब्लूइंग म्हणजे रंगकाम. तसं ते नाही. रसायनाने लोखंडाच्या पृष्ठभागाचाच निळसर काळा ऑक्साइड करतात, तो ब्लूइंग. गरम क्षारांच्या टाकीत रिव्हॉल्व्हर फार तर अर्धा तास असतं. त्याआधी पॉलिशच्या चाकावर त्याचे कित्येक तास जातात, आणि शस्त्राचं बरंवाईट तिथेच ठरतं. ब्लूइंग बिघडलं तर ते उतरवून दुसऱ्यांदा करता येतं. पॉलिशमध्ये गेलेलं लोखंड परत येत नाही. त्यामुळे कारागीर निवडताना टाकी कुठली वापरतो हे नंतर विचारा, आधी त्याने पॉलिश केलेलं एखादं शस्त्र उजेडात तिरकं धरून बघा.

त्याच्याही आधी कागदपत्रं. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 प्रमाणे बंदुकांची दुरुस्ती हे परवान्याचं काम आहे. ओळखीचा लेथवाला किंवा प्लेटिंगवाला कितीही हुशार असला तरी रिव्हॉल्व्हर त्याच्याकडे द्यायचं नाही. दुरुस्तीचा परवाना असलेल्या शस्त्र विक्रेत्याकडेच द्यायचं, परवान्याची प्रत सोबत ठेवायची, आणि जमा केल्याची पावती शस्त्राच्या क्रमांकासह घ्यायची. काडतुसं सोबत न्यायची नाहीत. दुसऱ्या कोणाच्या हाती पाठवायचं असेल तर कलम 3 मध्ये त्याची सोय आहे, पण परवानाधारकाचं लेखी अधिकारपत्र लागतं. शस्त्र अजून आजोबांच्याच नावावर असेल आणि वारसाचा परवाना झाला नसेल, तर ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा असायला हवं. तोवर ब्लूइंगचा विषयच नको.

कायद्यातलं दुसरं कलम थेट पॉलिशशी जोडलेलं आहे. कलम 8 प्रमाणे बंदुकीवरचं नाव, क्रमांक किंवा ओळखीची खूण खोडणं, काढणं, बदलणं हा गुन्हा आहे. आणि खूण खोडलेलं शस्त्र ज्याच्या ताब्यात सापडेल त्यानेच ती खोडली, असं उलट सिद्ध होईपर्यंत गृहीत धरलं जातं. चाकावर दोन मिनिटं जास्त धरून अनुक्रमांक पुसट झाला तर ते निस्तरायला तुम्हालाच लागणार. म्हणून देण्याआधी प्रत्येक शिक्क्याचा फोटो काढा. शिसपेन्सिल आणि पातळ कागदाने अनुक्रमांकाचा ठसा घ्या आणि परवान्यावरच्या नोंदीशी ताडून ठेवा.

वेब्लीवर शिक्के भरपूर असतात. अनुक्रमांक, पंख असलेल्या गोळीचं कंपनीचं चिन्ह, आणि बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसच्या, म्हणजे बंदुकीची दाबाची चाचणी घेऊन शिक्का मारणाऱ्या संस्थेच्या खुणा: मुकुटाखाली बीव्ही, बीपी, एनपी अशी अक्षरं. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस 1813 पासून चालू आहे, आणि 1904 ते 1950 च्या दशकाच्या मध्यापर्यंत ही अक्षरं याच रूपात मारली जात. नळी, चौकट आणि सिलिंडर या तिन्हींवर ती सापडतात. या खुणा उथळ असतात. खड्डे घालवायला वरचा थर काढला की सगळ्यात आधी त्याच जातात. जाणता माणूस जुनं रिव्हॉल्व्हर हातात घेतो तेव्हा आधी या अक्षरांच्या कडा बघतो. कडा टोकदार असतील तर फिनिश मूळचं, किंवा निदान काम करणाऱ्याला अक्कल होती. वितळल्यासारख्या दिसल्या तर बाकी काही बघायची गरज उरत नाही.

आता करावं की नाही. मूळ ब्लूइंग साठ-सत्तर टक्के शिल्लक असेल आणि गंज वरवरचा असेल, तर माझं स्पष्ट मत: हात लावू नका. झिजलेला मूळ रंग संग्राहकाला नव्या रंगापेक्षा जास्त प्यारा असतो. आपल्याकडे हे आणखी लागू पडतं. 1980 च्या दशकात खासगी आयात बंद झाल्यापासून चांगल्या स्थितीतल्या विलायती वेब्लीला कानपूरच्या सरकारी कारखान्यातल्या .32 पेक्षा वेगळाच भाव आहे, आणि गंमत म्हणजे कानपूरचं रिव्हॉल्व्हर याच वेब्लीच्या रचनेवर बेतलेलं आहे. वरवरच्या गंजाला पातळ तेल आणि पितळेचा तुकडा किंवा सगळ्यात बारीक, म्हणजे चार शून्याची स्टील वुल पुरते. तेलात भिजवून हलक्या हाताने घासलं की लाल गंज निघतो आणि खालचा निळा रंग राहतो, कारण गंज मऊ असतो आणि ब्लूइंगचा काळा ऑक्साइड त्यापेक्षा कडक. निकेल मुलामा असेल तर मात्र अमोनिया असलेलं नळी साफ करायचं द्रावण लावू नका. मुलाम्याखाली तांब्याचा थर असेल तर ते तो खातं आणि पापुद्रे सुटतात.

.38 बोअरच्या युद्धकाळातल्या मार्क 4 वर बऱ्याचदा ‘वॉर फिनिश’ असा शिक्का असतो. याचा अर्थ कारखान्यातूनच ते खडबडीत, टूलच्या खुणांसकट बाहेर पडलं. त्याला आरशासारखं पॉलिश करणं म्हणजे त्याचा इतिहास पुसणं. त्या पिढीतल्या शस्त्रांवर नंतर काळा भाजलेला रंगही दिलेला सापडतो. तो ब्लूइंग समजून कोणी चाकावर धरला तर चाक चिकट होतं आणि काम दुप्पट वाढतं.

रंग गेला आहे, खड्डे चालू आहेत, शस्त्र वापरात राहणार आहे, अशी स्थिती असेल तर नव्याने करायला हरकत नाही. पण आधी यांत्रिक तपासणी. ब्लूइंगने ढिलेपणा जात नाही, उलट चकचकीत ढिलं रिव्हॉल्व्हर हातात येतं. वेब्ली मधून मोडणारं आहे. नळी बिजागरीवर खाली झुकते आणि वरची खिट्टी तिला चौकटीला घट्ट धरून ठेवते. नळी बंद करून वर-खाली, डावी-उजवीकडे हलवून बघा. खिट्टीत किंवा बिजागरीच्या पिनमध्ये खेळ असेल तर तो आधी काढायचा. नळीचा मागचा तोंडवळा आणि सिलिंडर यांच्यातली फट फीलर गेजने, म्हणजे ठरलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्यांनी मोजायची. साधारण 0.10 ते 0.20 मि.मी. चांगली, 0.30 च्या वर गेली तर आधी त्यावर बोलायला हवं. घोडा सावकाश चढवत प्रत्येक कप्प्यावर सिलिंडर पुरतं येऊन अडकतं का, हे सहाही कप्प्यांवर बघायचं. हे सगळं रिकाम्या शस्त्रावर, आणि रिकामं आहे हे दोनदा पाहून.

मग सुटे भाग करणं. मुठीच्या पट्ट्या काळ्या प्लास्टिकच्या किंवा जुन्या असतील तर व्हल्कनाइटच्या, म्हणजे कडक रबराच्या असतात. व्हल्कनाइट उष्णतेने वाकतं आणि ठिसूळ झालेलं असतं, म्हणून स्क्रू पूर्ण सुटल्याशिवाय पट्टी उचकटायची नाही. स्क्रूच्या खाचेत बरोबर बसणारा, समांतर बाजूंचा ड्रायव्हर हवा. बाजारातला पाचरीसारखा ड्रायव्हर खाचेच्या कडा वर उचलतो, आणि चिरडलेल्या खाचांवर सुंदर ब्लूइंग हे फार केविलवाणं दृश्य असतं. व्ही आकाराची मुख्य स्प्रिंग पकडीने दाबूनच काढायची. स्प्रिंगा ना आम्लात जायच्या, ना क्षारांच्या टाकीत. कडक स्प्रिंग आम्लातला हायड्रोजन शोषते आणि नंतर एखाद्या दिवशी काच तुटावी तशी तुटते.

जुना रंग काढायला सौम्य फॉस्फोरिक आम्ल पुरतं. हायड्रोक्लोरिक आम्लही चालतं, पण पातळ केलेलं, काही मिनिटंच, आणि लगेच सोड्याच्या पाण्यात धुऊन. जास्त वेळ ठेवलं तर चांगल्या भागावरही आम्ल खड्डे खातं. निकेल मुलामा असेल तर तो चाकावर घासून काढणारा कारागीर टाळा. निकेल उलट विद्युतप्रवाहाने उतरवतात. घासून काढताना निकेल लोखंडापेक्षा चिवट ठरतं आणि खालचं लोखंड खोलगट होतं.

पॉलिश. कामाचा गाभा हाच. सपाट भाग कडक फेल्टच्या चाकावर किंवा सपाट ठोकळ्याला गुंडाळलेल्या कागदावर करायचे. मऊ मलमलीचं चाक फक्त शेवटच्या चमकेसाठी, तेही थोडंसं. मऊ चाक स्क्रूच्या भोकात शिरतं आणि भोकाभोवती बशी तयार करतं. हातात घेऊन बोट फिरवलं की ते लगेच कळतं. म्हणून स्क्रू भोकात बसवून, डोकं वर ठेवूनच पॉलिश करतात. स्मिथ अँड वेसन, कोल्ट किंवा एन्फिल्डसारखं बाजूला झाकण असलेलं रिव्हॉल्व्हर असेल तर ते झाकण चौकटीवर घट्ट बसवून दोन्ही एकत्र पॉलिश करायचे. सुटं पॉलिश केलं तर झाकणाची कड गोल होते आणि जिथे केसाएवढी रेघ दिसायची तिथे चर दिसतो.

कागदाचा क्रम साधारण 220, 320, 400. चमकदार फिनिश हवं असेल तर 600 पर्यंत. मागच्या कागदाच्या सगळ्या रेघा गेल्याशिवाय पुढचा घ्यायचा नाही. ब्लूइंग काहीच झाकत नाही. 220 ची राहिलेली एक रेघ काळ्या रंगात दुप्पट उठून दिसते. नळीवर लांबीच्या दिशेने, सिलिंडरवर गोल फिरवून. सिलिंडरच्या खोबणींच्या कडा धारदार राहिल्या पाहिजेत. शिक्क्यांच्या जागी चाक लावायचंच नाही, ठोकळ्यावर 400 चा कागद, हाताने, अक्षरांच्या आडव्या दिशेने न जाता.

काही पृष्ठभागांना कधीच हात लावायचा नाही आणि हे कारागिराला लिहून द्यावं: खिट्टीचे चौकटीला टेकणारे भाग, बिजागरीचे आतले चेहरे, सिलिंडरचा पुढचा आणि मागचा चेहरा, नळीचा मागचा तोंडवळा, एक्स्ट्रॅक्टरची (रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या भागाची) चांदणी आणि तिचे दात, सिलिंडर अडवणाऱ्या खाचा. खिट्टीच्या टेकणाऱ्या चेहऱ्यावरून मि.मी.चा विसावा भाग गेला तरी बंद केलेली नळी खडखडायला लागते.

खड्ड्यांचं काय? उथळ खड्डे कानशीने लांबीच्या दिशेने ओढून सपाट करता येतात, पण आजूबाजूचा सगळा भाग तेवढाच खाली न्यावा लागतो. एकाच जागी घासलं तर उजेडात लाट दिसते. खोल खड्डा चौकटीच्या मुठीकडच्या भागावर असेल तर तो वेल्डने भरणारे कारागीर आहेत. सिलिंडर आणि नळीच्या मागच्या भागावर वेल्ड मुळीच नको. तिथे दाब झेलणारं लोखंड उष्णतेने मऊ पडतं. बऱ्याचदा शहाणपण यात असतं की खड्ड्यांचे तळ तसेच राहू द्यावेत, त्यातला जिवंत गंज पूर्ण काढावा, आणि चमक कमी ठेवून 320 च्या मंद फिनिशवर थांबावं. मंद पोतावर खड्डे निम्मे लपतात, आरशासारख्या पोतावर ओरडतात.

आता रंगाच्या पद्धती. गरम क्षारांची पद्धत सगळ्यात प्रचलित. कॉस्टिक सोडा आणि सोडियम नायट्रेट, वजनाने साधारण दोनास एक, पाण्यात विरघळवून सुमारे 140 ते 146 अंश सेल्सिअसला उकळतात. यातली मेख अशी की ज्योत वाढवून तापमान वाढत नाही, नुसती वाफ वाढते. उकळबिंदू ठरतो तो पाण्याच्या प्रमाणावर. पाणी उडालं की तापमान चढतं, आणि मग काठाशी बारीक धारेने पाणी सोडून ते खाली आणतात. एकदम ओतलं तर ते जागीच वाफ होऊन दाहक द्रव अंगावर उडतो. तापमान कमी असेल तर रंग फिका आणि ठिगळासारखा येतो. 150 च्या पुढे गेलं तर तांबूस किंवा हिरवट पापुद्रा. वेळ 15 ते 30 मिनिटं. टाकी लोखंडाचीच हवी. या टाकीत अॅल्युमिनियम पडलं तर ते जोरात विरघळतं आणि हायड्रोजन सुटतो. शिसं-कथलाचा डाग असलेला जोडही यात विरतो, म्हणून दुनळी बंदुका या टाकीत घालत नाहीत. नळी बुचं मारून बंद करायची नाही. आत अडकलेली हवा फुगते आणि बूच क्षारांसकट उडतं.

घोडा आणि चाप वरून कडक केलेले असतील तर त्यांच्यावर रंग जांभळट येतो. कारखान्यातून ते पांढरे किंवा रंगीबेरंगी छटांचे आले असतील तर तसेच ठेवावेत. त्या छटा हाडांच्या कोळशात तापवून विझवल्याने येतात, आणि एकदा पॉलिश झाल्या की गेल्या.

गरम पद्धतीतलं सर्वात चुकार दुखणं म्हणजे फटीत अडकलेले क्षार. बिजागरी, स्क्रूचे आटे, नळीवरच्या नेम धरायच्या माशीचा पाया इथून तीन-चार आठवड्यांनी पांढरी पूड बाहेर येते आणि तिच्याखाली गंज चालू होतो. टाकीनंतर गार पाण्यात धुणं, मग स्वच्छ पाण्यात किमान 20–30 मिनिटं उकळणं, शक्यतो पाणी बदलून दुसऱ्यांदा, आणि मग गरम असतानाच पाणी हटवणाऱ्या तेलात बुडवून रात्रभर ठेवणं: यातली एकही पायरी गाळलेली परवडत नाही.

दुसरी पद्धत गंजाची, म्हणजे मुद्दाम गंजवून. महायुद्धांच्या आधीच्या इंग्लिश बंदुकांना जो मखमली काळसर रंग असतो तो बहुधा हाच. आम्लयुक्त लोहक्षारांचं द्रावण जवळजवळ कोरड्या बोळ्याने एका दमात, परत न फिरवता लावायचं. 30 ते 35 अंश आणि दमट हवेत तीन ते बारा तास ठेवलं की बारीक केशरी गंज उगवतो. मग डिस्टिल्ड पाण्यात 10–20 मिनिटं उकळलं की तो गंज काळ्या मॅग्नेटाइटमध्ये बदलतो. सुटलेली काजळी 0.1 मि.मी. तारेच्या मऊ ब्रशने किंवा तेल काढलेल्या स्टील वुलने उतरवायची आणि परत पहिल्यापासून. अशा पाच ते आठ फेऱ्या. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून उरलेलं आम्ल मारायचं, मग तेल. नळी मात्र इथे लाकडी बुचांनी बंद करतात, कारण आत गंज नको.

कोकणात पावसाळ्यात हे काम नुसत्या बंद कपाटात होतं, आणि लक्ष नसेल तर रात्रीत प्रमाणाबाहेर होतं. गंज जाड झाला की खाली खड्डे पडतात. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पाण्याचं भांडं ठेवलेली दमट पेटी लागते. बोअरचं पाणी दोन्हीकडे घात करतं. त्यातल्या चुन्याचे करडे ठिपके काळ्यावर बसतात. द्रावण जास्त ओलं लागलं तर तांबूस डाग येतात. बिजागरीतून तेल झिरपलं तर तिथे रंग बसतच नाही, म्हणून तेल काढल्यापासून शेवटपर्यंत उघडा हात लावायचा नाही.

माझी निवड विचाराल तर चांगली टाकी आणि तपमापक असलेल्या दुकानात गरम पद्धत, मंद पॉलिशवर. टाकी नसलेला पण धीराचा कारागीर मिळाला तर गंजाची पद्धत, आणि ती दिसायला वेब्लीला जास्त शोभते. स्क्रू आणि पिनांना मोरासारखा निळा हवा असेल तर वितळलेल्या शोऱ्यात सुमारे 300 अंशांवर तो येतो, पण तो नाजूक असतो आणि मोठ्या भागांसाठी नाही.

बाटलीतलं थंड ब्लूइंग म्हणजे सेलेनियम आणि तांब्याच्या क्षारांचं द्रावण. ओरखडा झाकायला ठीक, अख्ख्या शस्त्राला नाही. काही दुकानं हेच लावून पूर्ण ब्लूइंगचे पैसे घेतात. ओळखायचं कसं: घासल्यावर एक विशिष्ट वास येतो, उन्हात तपकिरी झाक दिसते, आणि म्यानातून काही वेळा काढ-घाल केली की कडा पांढऱ्या पडतात. काळा रंगच मारला असेल तर अॅसिटोनच्या बोळ्यावर तो उतरतो. क्रोम किंवा निकेलचा आग्रह कोणी धरला तर एवढंच विचारा, की मुलाम्यानंतर कडक भागांत शिरलेला हायड्रोजन घालवायला ते सुमारे 190 अंशांवर किमान तीन-चार तास भाजणार का. ‘कशाला?’ असं उत्तर आलं तर शस्त्र घेऊन घरी या.

परत घेताना दुकानातच बघायचं. अनुक्रमांक आणि प्रूफच्या खुणा फोटोंशी ताडून. सपाट भागात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब सरळ पडतं की वेडंवाकडं. स्क्रूच्या खाचा. खिट्टीचा आवाज आधीसारखा कडक आहे का. फट पुन्हा मोजून. सहाही कप्प्यांवर सिलिंडर अडकतं का. पावतीवर कोणती पद्धत वापरली ते लिहून घ्या. पहिले दोन महिने दर आठवड्याला बिजागरी आणि स्क्रूंपाशी पांढरी पूड दिसते का ते बघा. दिसली तर घासत बसू नका, पुन्हा उकळून द्यायला परत न्या.

आणि ज्या म्यानाने हे खड्डे केले ते म्यान पुन्हा वापरू नका. चामड्यातले कमावण्याचे क्षार ओल धरतात आणि लोखंडाला चिकटून बसतात. निवडणुकीच्या काळात बऱ्याचदा शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं, तेव्हा बहुतेक जण ते म्यानासकटच देतात आणि पावसाळा मध्ये आला तर गंजलेलं परत मिळतं. द्यायच्या आधी तेलाचा किंवा मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात, गंजरोधक कागदात गुंडाळी, त्यावर साधी कापडी पिशवी, पावतीवर क्रमांक आणि स्थितीची नोंद. घरी असताना दर महिन्याला पुसणं आणि कपाटात सिलिका जेल, जी तीन-चार महिन्यांनी ओव्हनमध्ये वाळवून घ्यायची.